मिरजेला गाडी बदलायची होती

एके काळी मिरजेवरून सरळ पुढे जाणारा प्रवासी विरळा. पंढरपूरकडून आलेला इथं उतरायचा, बेळगावकडून आलेला उतरायचा, आणि मुंबईहून गोव्याला निघालेला तर अर्धवट झोपेत वळकटी काखेत मारून उतरायचा. कारण एकच, दोन रुळांमधलं अंतर. पंढरपूरची छोटी गाडी अडीच फुटांच्या रुळांवर धावायची, बेळगाव-हुबळी-वास्कोकडची एक मीटरच्या, आणि पुण्याकडची साडेपाच फुटांच्या. एका मापाचा डबा दुसऱ्या मापाच्या रुळावर चढत नाही. मग माणसांनी उतरायचं, सामान उतरवायचं, पूल ओलांडायचा आणि पुढच्या गाडीची वाट बघत फलाटावर बसायचं. कधी तास, कधी अख्खी रात्र.

माझं आयुष्य या गैरसोयीवर उभं आहे. दोन गाड्यांच्या मधल्या त्या रिकाम्या वेळात ज्यांनी मला हात दिला, ती माणसं माझ्या नात्यातली नव्हती, गावची नव्हती, एकाची तर भाषाही माझी नव्हती. त्यांतलं आता कुणीच उरलेलं नाही. त्यांचं देणं फिटण्यातलं नाही, पण ते काय काय होतं याची नोंद तरी कुठं असावी, म्हणून हे लिहितो आहे.

मिरजेला रेल्वे आली एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. सदर्न मराठा रेल्वे कंपनीनं पुण्यापासून बेळगाव-लोंढ्याकडं मीटर गेज टाकली, ती मिरजेवरून गेली. पुढं लोंढ्याहून कॅसलरॉकचा घाट उतरून पोर्तुगिजांच्या मुलखातल्या मार्मागोवा बंदरापर्यंत वाट झाली. कोल्हापूर संस्थानानं मिरजेपासून कोल्हापूरपर्यंत आपला फाटा बांधला. त्याच्या कामाचा प्रारंभ 1888 साली कोवळ्या वयाच्या शाहू महाराजांच्या हस्ते झाला आणि 1891 मध्ये गाडी सुरू झाली. आमची छोटी गाडी आली ती बरीच उशिरा, 1927 मध्ये. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरानं कुर्डुवाडी ते बार्शी असा अडीच फुटी मार्ग 1897 साली सुरू केला होता. हलके रूळ, कमी वजनाचं इंजिन, पण मोठे डबे, असा त्याचा हिशेब. पुढं तो मार्ग पंढरपूरला गेला, लातूरला गेला आणि शेवटी मिरजेला येऊन टेकला. याच कॅलथ्रॉपनं नंतर विमानातून उडी मारायची हवाई छत्री तयार केली. आमच्या भागात त्याचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. गाडीला मात्र म्हातारी माणसं शेवटपर्यंत 'बार्शी लाईट'च म्हणत राहिली, 1954 साली सरकारनं ती कंपनीकडून घेतली तरीही.

सत्तरच्या दशकाच्या आरंभी पुण्याकडून साडेपाच फुटी ब्रॉडगेज आली आणि मिरजेत तिन्ही मापं एकत्र नांदू लागली. नव्वदच्या दशकात बेळगावकडची मीटर गेज गेली. म्हणजे तिन्ही मापांचा संसार टिकला अवघी दोन-अडीच दशकं. माझं बालपण, शिक्षण आणि नोकरीची पहिली वर्षं नेमकी त्यात बसली.

मी ढालगावच्या बाजूचा. कवठेमहांकाळ, जत, सांगोला हा सगळा पट्टा सांगली-सोलापूरच्या सीमेवरचा, पावसानं कायम पाठ फिरवलेला. बाहत्तरच्या दुष्काळात वडील पाझर तलावाच्या कामावर होते. घरात मिलोची लाल भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी. त्या उन्हाळ्यात आईच्या पोटात गाठ निघाली. गावच्या वैद्यानं हात टेकले आणि सगळ्या मुलखाच्या तोंडी असलेला सल्ला दिला, मिरजेच्या मिशनमध्ये न्या. विल्यम वॉनलेस या डॉक्टरांनी 1894 साली उभारलेलं ते इस्पितळ. कर्नाटकातून, कोकणातून, मराठवाड्यातून लोक तिथं यायचे, आणि बहुतेक सगळे रेल्वेनंच यायचे. मिरजेची वैद्यकीय कीर्ती आणि मिरजेचं जंक्शन या दोन गोष्टी एकमेकींच्या आधारानं वाढल्या. रोग्याला दोनशे मैलांवरून बैलगाडीतून आणता येत नाही.

वडिलांनी काम सोडलं असतं तर चूल बंद पडली असती. म्हणून आईला घेऊन आजी आणि मी निघालो. मी तेव्हा चौथीत होतो. छोट्या गाडीचे डबे अरुंद, बाकं लाकडी, कोळशाचे कण डोळ्यांत जायचे. चढ आला की इंजिन इतकं हळू चालायचं, की तरणी पोरं उतरून शेजारून चालत आणि पुन्हा चढत. आई बाकाखाली पोतं अंथरून पडली होती. सलगरे, बेळंकी, आरग अशी एकेक स्टेशनं गेली आणि दिवेलागणीला मिरज आलं.

छोट्या गाडीचा फलाट एका कडेला होता. बाहेरच्या रस्त्यापर्यंत जायला पूल चढायचा आणि उतरायचा. आईला उभंही राहता येईना. आजी फलाटावर बसून रडायला लागली. गर्दी आमच्या दोन्ही बाजूंनी वाहत गेली, कारण जो तो पुढची गाडी गाठायच्या घाईत. तेवढ्यात लाल सदऱ्यातला, दंडाला पितळी बिल्ला बांधलेला एक हमाल आला.

"काय झालं आज्जी? कुठनं आलाय?"

"ढालगावास्नं. सून हाय. मिशनात न्यायचीय."

त्यानं पुढं काही विचारलं नाही. पार्सलचा लोखंडी हातगाडा ओढत आणला, त्यावर आमचंच पोतं घातलं, आजीच्या मदतीनं आईला निजवलं आणि रूळ ओलांडायच्या, फक्त सामानासाठी असलेल्या फरशीवरून गाडा नेला. मागून कुणीतरी ओरडलं, "ए, माणसं न्यायची न्हाईत त्या गाड्यावरनं!" त्यानं मागं वळून न बघता उत्तर दिलं, "पार्सल हाय, मिशनचं!" बाहेर टांगेवाल्याशी भाडं त्यानंच ठरवलं. आजीनं कनवटीची नाणी काढली, तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे. परत जाताना बघू."

परत जायला बरेच आठवडे लागले. आईचं ऑपरेशन झालं, जखम भरायला वेळ गेला. इस्पितळात तिच्यापाशी एकाच माणसाला राहता यायचं. आजी राहायची आणि मी दिवसा बाहेर. माझे पाय आपोआप स्टेशनाकडं वळायचे. त्याचं खरं कारण सांगायचं तर पाणी. आमच्या गावात तेव्हा हंडाभर पाण्यासाठी बायका कोसभर चालत होत्या, आणि मिरजेच्या फलाटावर पितळी तोटी फिरवली की पाणी यायचं. इंजिनाला पाणी भरायचा उंच खांब होता. त्याचा आडवा नळ इंजिनावर फिरवून खलाशी चाक उघडायचा, तेव्हा टाकीत पडणाऱ्या त्या धारेचा आवाज ऐकत मी तासन्‌तास उभा राहायचो. टाकी भरून पाणी बाहेर सांडलं की रुळांमधल्या खडीत जिरायचं. त्या वर्षी ते बघवायचं नाही आणि बघितल्याशिवाय राहवायचंही नाही.

हमालमामांनी मला तिथंच ओळखलं. "तू मिशनच्या पार्सलाचा पोरगा न्हवं?" त्या दिवसापासून मी त्यांचा झालो. दुपारी ते फडक्यात बांधलेली भाकरी सोडायचे, त्यातली अर्धी माझी. चहाच्या गाड्यावर एक मुसलमान चाचा होते. ते रात्री उरलेला पाव आणि किटलीभर गरम पाणी आजीसाठी माझ्या हाती द्यायचे. आजी सोवळंओवळं मानणारी बाई. पहिल्या दिवशी तिनं पाव परत पाठवला. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "त्यास्नी सांग, पान्याबद्दल देवानं बरं करावं." तिसऱ्या दिवसापासून पावही ठेवून घ्यायला लागली. आई चालती झाली आणि आम्ही निघालो, तेव्हा मामांना पैसे द्यायचा विषय आजीनं पुन्हा काढला. मामा म्हणाले, "पोराला शिकवा. हितं शाळा हायती."

बोलण्यातलं बोलणं म्हणून कुणी ते सोडून दिलं असतं. आमच्या घरात ते राहिलं. गावात सातवीपुढं शाळा नव्हती. सातवी झाली आणि वडील मला घेऊन छोट्या गाडीनं मिरजेला आले, ते थेट फलाटावर मामांना शोधत. मामांची खोली स्टेशनामागच्या गल्लीत, एकच, वर पत्रा. घरात मामी आणि त्यांची तीन लेकरं. मामींनी मला नखशिखान्त बघितलं आणि म्हणाल्या, "तिघांच्या पंगतीत चौथा काय जड न्हाई." मॅट्रिक होईपर्यंत मी त्या पत्र्याखाली राहिलो. माझ्या वडिलांनी सुगीत जे होईल ते, शेरभर मटकी, बाजरी, कधी बोकडाचा वाटा, छोट्या गाडीनं पाठवावं, एवढाच काय तो व्यवहार. ज्या वर्षी सुगी झाली नाही, त्या वर्षी तोही नाही.

फीचं आणि वह्यापुस्तकांचं मात्र मला बघायचं होतं. ती सोय पार्सल ऑफिसात झाली. मिरज तालुक्यात आरग, बेडग, मालगाव या गावांत पानमळे आहेत. तिथल्या विड्याच्या पानांचे डाग रोज संध्याकाळी स्टेशनात यायचे आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईकडं जायचे. टोपलीवर तरट शिवलेलं असायचं, त्यावर ब्रशनं काळ्या शाईत पत्ता लिहावा लागे. व्यापाऱ्यांना घाई असायची आणि अक्षर बऱ्याचदा बेतास बात. माझं अक्षर बरं होतं. डागामागं काही पैसे ठरले, आणि शाळा सुटली की मी ब्रश घेऊन फलाटावर उकिडवा बसायला लागलो.

पार्सल ऑफिसातले मास्तर धारवाडकडचे. घरी कन्नड, ऑफिसात इंग्रजी, आमच्याशी मराठी, आणि तिन्हींचे हेल एकमेकांत मिसळलेले. पत्ता चुकीचा लिहिला की रागावायचे नाहीत, भिंतीवरच्या रेल्वेच्या मोठ्या नकाशापाशी न्यायचे. "हे बघ. तू लिहिलंस कल्याण. माल जायचा कुर्ल्याला. आता बोटानं जा. पुणं. लोणावळा. कर्जत. कल्याण. आता पुढं जा, अजून पुढं. बघ, किती लांब माल सडला तुझ्यामुळं." त्या नकाशावर बोट फिरवत मी देश शिकलो. कोणत्या नदीवर पूल आहे, घाट कुठं आहे, आंबा कुठून निघतो आणि सुपारी कुठून येते, हळद सांगलीहून कुठं जाते, हे मला पुस्तकाआधी टोपल्यांनी सांगितलं. कन्नड अक्षरंही त्यांनीच गिरवून घेतली, कारण बेळगावच्या पुढची मंडळी पत्ते कन्नडात आणत. पुढं मी भूगोलाचा शिक्षक झालो, यात माझी हुशारी थोडी आणि त्या भिंतीवरच्या नकाशाचा वाटा जास्त.

पार्सल ऑफिसात अधूनमधून लांबट लाकडी पेट्या येत. तंबोरे आणि सतारी. मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या सतारमेकरांची घरं आहेत आणि त्यांची वाद्यं देशभर जातात. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा वर्तमानपत्रं ते कौतुकानं सांगत होती. पण मला आधी भोपळे दिसतात. तंबोऱ्याचे ते मोठाले भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला भीमाकाठी पिकतात. छोट्या गाडीतून उतरलेले भोपळे हमाल फार जपून उचलत. एखादा नवखा पोरगा टोपलीसारखा फेकायला गेला की मामा खेकसत, "अरं, त्यात सूर भरायचाय!" भोपळा अडीच फुटी रुळावरून यायचा आणि वाद्य होऊन साडेपाच फुटी रुळावरून जायचं. पेटीवर 'यावर काही ठेवू नये' असं तीन भाषांत लिहायचं काम माझं.

मास्तरांना गाण्याचं वेड होतं. त्यांचं दैवत उस्ताद अब्दुल करीम खाँ. खाँसाहेब मिरजेचे रहिवासी. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि उरुसात तिथं गवई हजेरी लावतात. पहिल्यांदा मला तिथं मास्तरच घेऊन गेले. रात्रभर बसलो. मला कळलं काहीच नाही, पण ज्या पेट्यांवर मी पत्ते लिहायचो त्यांच्या आत काय असतं ते त्या रात्री समजलं. परतताना मास्तरांनी खाँसाहेबांच्या मृत्यूची हकीकत सांगितली. 1937 च्या ऑक्टोबरात खाँसाहेब मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते. गाडीत अस्वस्थ वाटू लागलं म्हणून सिंगपेरुमाळकोईल नावाच्या लहानशा स्टेशनवर उतरले आणि तिथं फलाटावरच त्यांचा प्राण गेला. "अनोळखी स्टेशन, अनोळखी भाषा," मास्तर म्हणाले. "पण उतरवून घेणारं कुणीतरी असणार. बिछाना टाकणारं कुणीतरी असणार. त्याचं नाव कुठं येत नाही." मी मास्तरांकडून ऐकलेल्या सगळ्या गोष्टींत ही मला सर्वांत मोठी वाटते.

एक निरीक्षणही त्यांचंच. खाँसाहेबांची गायकी दक्षिणेत जिथं रुजली ती गावं नकाशावर मांडली, तर बरीचशी मीटर गेजच्या एकाच ओळीवर येतात. मिरज, मग धारवाड, हुबळी, त्यापुढं खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व यांचं कुंदगोळ. हुबळीच्या गंगूबाई हनगल शिकायला कुंदगोळला जात. मिरजेला संगीताचा लौकिक काही रेल्वेनं दिला नाही. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं मिरजेत शिकलेले विष्णु दिगंबर पलुसकर 1896 मध्ये इथून बाहेर पडले आणि 1901 साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, त्यामागं गुरूची तालीम होती आणि मिरज संस्थानाचा आश्रय. पण विद्या शिकून झाल्यावर ती लाहोरपर्यंत पोचवायला वाट लागते. नाटकमंडळ्यांचंही तसंच. किर्लोस्कर मंडळीत दाखल झालेल्या नारायण राजहंसांनी, म्हणजे बालगंधर्वांनी, 1905 साली मिरजेच्या रंगभूमीवर शकुंतलेची भूमिका केली. पडदे, पेट्या आणि बिऱ्हाड घेऊन गावोगाव फिरणाऱ्या मंडळ्यांना जंक्शनचं गाव सोयीचं.

आषाढीला मात्र स्टेशनचा ताबा वारकऱ्यांकडं. कर्नाटकातून आलेल्या दिंड्या मीटर गेजवरून उतरायच्या आणि छोट्या गाडीसाठी थांबायच्या. डबे अपुरे, माणसं टपावर. मराठी अभंग, उच्चार कन्नड, टाळ एकच. त्या दिवसांत मामा भाडं सांगत नसत, जो जे देईल ते घेत. चाचांच्या चहाचं पातेलं रात्रभर उतरत नसे. मी कन्नड बोलतो हे कळल्यावर म्हाताऱ्या बायका माझ्या खांद्याला धरून पुलावरून चालायच्या आणि पलीकडं पोचल्या की गालावरून हात फिरवून बोटं मोडायच्या.

आता थोडं हिशेबाचं. नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातली एक रक्कम घेऊन मी मामांकडं गेलो. गोष्टींच्या पुस्तकात असा माणूस पैसे परत करतो. मामांनी घेतले. नीट मोजले, मामींच्या हातात दिले आणि म्हणाले, "पत्रा गळतोय, बरं झालं." मला इतका आनंद पुढं कोणत्याच पगारानं दिला नाही. देणाऱ्याला देऊ देणं, हीसुद्धा एक मोठी रीत असते आणि ती मला त्या खोलीत कळली.

मामा थकले तेव्हा त्यांचा बिल्ला थोरल्या मुलाच्या नावावर झाला. पण दिवस बदलले होते. मीटर गेज गेल्यापासून बेळगावकडचे प्रवासी मिरजेत उतरेनासे झाले. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि मुंबईचे गोवेकर या वाटेवरून दिसेनासे झाले. माल मोटारट्रकांवर गेला. चाकांच्या बॅगा आल्या. पुढं छोटी लाईनही रुंद करायला घेतली. हमालांच्या बाकावर माणसं जास्त आणि बोलावणी कमी, असं चित्र. 2008 च्या रेल्वे अर्थसंकल्पात परवानाधारक हमालांना गँगमनच्या नोकरीत घेण्याची घोषणा झाली, तेव्हा मामांचा मुलगा अर्ज घेऊन माझ्याकडं आला. मी तो भरला, दाखले जोडले, साक्षांकन करून घेतलं, पुन्हा पुन्हा लिहिलं. त्याला नोकरी लागली आणि काम मिळालं ते रुळांच्या देखभालीचं. बापानं ज्या रुळाच्या टोकाला माणसं उतरवून घेतली, त्याच वाटेवर टाकलेल्या नव्या रुळांवर मुलगा हातोडा घेऊन चालतो. माझ्याकडून मामांच्या घराला काही परत गेलं असेल, तर तो एक अर्ज.

मापं एक झाली याचं मला दुःख आहे का, असं माझे जुने विद्यार्थी विचारतात. नाही. छोट्या गाडीच्या आठवणी काढून हळहळणाऱ्यांत मी नाही. त्या बाकाखाली माझी आई तळमळत पडली होती. गाडी वेगानं धावली असती आणि मिरजेत पूल ओलांडायचा नसता, तर तिचे हाल तेवढे कमी झाले असते. आणि 2016 च्या एप्रिलमध्ये जे घडलं, ते मी डोळ्यांनी बघितलं. लातूर शहराचं पाणी संपलं होतं. मिरजेत टाक्यांच्या वाघिणी उभ्या केल्या, त्यांत कृष्णेचं पाणी भरलं. 11 एप्रिलला पहिली गाडी निघाली, दहा वाघिणी, प्रत्येकीत 50,000 लिटर. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत ती दुसऱ्या दिवशी लातूरला पोचली. पुढं पन्नास-पन्नास वाघिणींच्या गाड्या गेल्या, पावसाळ्यापर्यंत जात राहिल्या. जवळजवळ सगळी वाट कॅलथ्रॉपच्या छोट्या लाईनचीच, फक्त आता रुंद झालेली. अडीच फुटी रुळांवरून असल्या वाघिणी गेल्याच नसत्या. बाहत्तर साली इंजिनाचं सांडलेलं पाणी खडीत जिरताना बघणारा पोरगा त्या दिवशी म्हातारा होऊन त्याच फलाटावर उभा होता. गाडी ढालगावला न थांबता गेली, याचं मला काडीचंही वाईट वाटलं नाही. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेनं आमच्या भागातही कृष्णेचं पाणी पोचवायला सुरुवात केली आहे. माझ्या भावाच्या शेतात आता द्राक्षं आहेत.

तेव्हा गैरसोय परत यावी असं म्हणणं नाही. म्हणणं एवढंच, की ती गैरसोय होती तोवर कुणीतरी तिचा भार अंगावर घेतला होता. तीन मापांमधलं अंतर रेल्वे कंपन्यांनी निर्माण केलं, आणि ते रोज भरून काढलं बिल्लेवाल्या हमालांनी, चहावाल्यांनी, पार्सलच्या कारकुनांनी, टांगेवाल्यांनी. आमच्या बाजूच्या कितीतरी घरांतला पहिला शिकलेला पोरगा, पहिला वाचलेला रोगी, पहिला मुंबईला गेलेला गिरणी कामगार या माणसांच्या हातांतून पुढं गेला. रेल्वेच्या इतिहासात रुळांच्या लांबीची नोंद आहे, इंजिनांच्या क्रमांकांची आहे, कंपन्यांच्या विलीनीकरणाच्या तारखांची आहे. कॅलथ्रॉपचंही नाव आहे, आणि ते असायलाच हवं. फलाटावरच्या माणसांची नोंद कुठं नाही.

मिरज, कुर्डुवाडी, मनमाड, दौंड, मूर्तिजापूर, कुठलंही जंक्शन घ्या, गाडी बदलणाऱ्यांची शेवटची पिढी आता साठीच्या पुढं आहे. तुमच्या घरात असं कुणी असेल, तर त्यांना एकदा विचारा, तिथं कोण भेटलं होतं, कुणी बसायला जागा दिली, कुणी सामान राखलं, कुणी पैसे घेतले नाहीत. नाव आठवलं तर नाव, नाही तर बिल्ल्याचा नंबर, तोही नाही तर नुसतं 'मामा' म्हणून लिहून ठेवा. आणि तारीख घाला.